५ वॉटचा दिवा

परवा शनिवार-रविवारला जोडून एक सुट्टी टाकली आणि पुण्याहून सटाण्याला गेलो. रात्री देवळा सोडल्यावर विंचूर-प्रकाशा रस्त्यावर एक कांद्याची ट्रॉली अगदी बंपरपाशी आल्यावर दिसली. मागे एकही दिवा नाही. ब्रेक लागले म्हणून हे लिहितोय. ती ट्रॉली कुणाची कोण जाणे, पण दुसऱ्या दिवशी जे कळलं त्यानंतर शिव्या द्यायचं धाडस उरलं नाही.

सकाळी चहा हातात येतो न येतो तोच नानांनी (माझे धाकटे काका) ट्रॅक्टरची कैफियत मांडली. दोन वर्षांत तिसरी बॅटरी. बॅटरीवाला म्हणतो डायनॅमो बघा, डायनॅमोवाला म्हणतो बॅटरीच भंगार. "तू एवढा इंजिनिअर ना, मग सांग बरं." मी सॉफ्टवेअरवाला आहे हे त्यांना गेली पंधरा वर्षं सांगतोय. असो.

मल्टिमीटर लावला. रेस वाढवली तर बॅटरीवर १४ व्होल्ट, म्हणजे अल्टरनेटर ठणठणीत. मग विचारलं, ट्रॅक्टर वापरता कसा? उन्हाळ कांद्याच्या दिवसांत ट्रॉली भरायची ती रात्री. चार फोकस लावायचे, मजुरांना गाणी हवीत म्हणून टेप आणि अँप्लिफायर, हेडलाइटही चालूच. बॅटरी उतरू नये म्हणून इंजिन दोन तास स्लोवर ठेवायचं. सकाळी सेल्फ मारला की नुसतं टक टक.

"नाना, इंजिन चालू म्हणजे चार्जिंग चालू असं नसतं."

"मग तो लाल दिवा का विझतो?"

प्रश्न रास्त होता. डॅशबोर्डवरचा लाल दिवा विझला की अल्टरनेटर वीज तयार करतोय एवढंच कळतं. ती पुरतेय का, हे तो सांगत नाही.

ज्यांनी डायनॅमोची सायकल चालवली आहे त्यांना हे सगळं पायांनी माहीत आहे. हळू चालवली की दिवा मिणमिणता, जोरात हाणली की लख्ख. आणि डायनॅमो टायरला टेकवला की पेडल जड. वेग वाढला की वीज वाढते, आणि वीज घेतली की इंजिनावर, म्हणजे आपल्या मांड्यांवर, ओझं पडतं. ट्रॅक्टर किंवा कारच्या अल्टरनेटरमध्ये फरक एवढाच की मधला लोहचुंबक कायमचा नसतो, त्याच्या गुंडाळीत थोडा करंट सोडून तो बनवतात. रेग्युलेटर हा करंट कमीजास्त करतो आणि व्होल्टेज १४ च्या आसपास धरून ठेवतो. वेग वाढला की चुंबक कमजोर करायचा, लोड वाढला की ताकदवान. पण इंजिन स्लोवर असताना लोड वाढतच गेला, तर एका टप्प्यावर चुंबक पूर्ण ताकदीला पोचतो आणि रेग्युलेटरच्या हातात काही उरत नाही. व्होल्टेज खाली घसरतं आणि कमी पडणारा करंट बॅटरी गुपचूप देऊ लागते.

आता हिशोब. चार फोकस ५५ वॉटचे, म्हणजे १२ व्होल्टवर साधारण १८ अँपियर. हेडलाइट ९, अँप्लिफायर धरा ९. एकूण ३६. अल्टरनेटरच्या पाटीवर किती? ३६! नाना खूश. पण पाटीवरचा आकडा चांगल्या वेगावरचा असतो. मिनिटाला सातशे-आठशे फेऱ्यांवर इंजिन गुरगुरत असताना त्याच्या निम्मंही मिळेल याची खात्री नाही. १५ मिळाले असं समजू. म्हणजे २१ अँपियरची तूट, दोन तासांत ४२ अँपियर-तास. बॅटरी ८८ ची. रोज रात्री अर्धी रिकामी! सेल्फला क्षणभर दणका द्यायला बनवलेली बॅटरी हे किती दिवस सोसणार?

"मग रेस देऊन ठेवतो." पण त्यानेही नुसती तूट थांबते, बॅटरी भरायला काही शिल्लक राहत नाही. शिवाय डिझेल जळतं ते वेगळंच. आणखी पिरगाळलं तरी ३६ चे ७२ होत नाहीत. वेगाबरोबर अल्टरनेटरच्या गुंडाळीचा स्वतःचा अडथळाही वाढत जातो, आणि करंट एका मर्यादेला येऊन थांबतो.

(हिंजवडीच्या जॅममध्ये पावसात वायपर, हेडलाइट, एसीचा पंखा, मागच्या काचेचा हीटर आणि दोन फोन चार्जिंगला लावून तासभर बसणाऱ्या मंडळींनी हसू नये. आपला आकडा मोठा असतो, पण गणित हेच. सर्व्हर घेताना ब्रोशरमधला आकडा बघून आपणही असेच फसतो की.)

सगळं ऐकून नाना म्हणाले, "मी काय बावळट नाही. बॅटरी वाचावी म्हणून ट्रॉलीच्या मागच्या दिव्यांची वायर केव्हाच काढून टाकली."

मला देवळ्याच्या पुढचा तो अंधार आठवला.

मागचा एक दिवा ५ वॉटचा. दोन्ही मिळून पाऊण-एक अँपियर. दोन तास जळले तर जेवढी बॅटरी खातील, तेवढी चार फोकस साडेपाच मिनिटांत खातात. म्हणजे काटकसर केली ती नेमकी जिथे वाचण्यासारखं काहीच नव्हतं तिथे. रात्री अंधाऱ्या ट्रॉल्या दिसल्या की आपण शहरातले लोक 'यांना अक्कल नाही' म्हणून मोकळे होतो. मला वाटतं, बऱ्याच ठिकाणी अक्कल असते, हिशोब कुणी मांडून दाखवलेला नसतो. बॅटरीवाला आणि डायनॅमोवाला, दोघांनीही नानांना कधी विचारलं नाही की दिवे किती आणि इंजिन कुठल्या वेगावर. आणि तपासायचं तर अगदी सोपं आहे. इंजिन स्लोवर, सगळं चालू, आणि बॅटरीवर मीटर. १२.५ च्या खाली आकडा घसरत चालला की समजायचं, बॅटरी उतरतेय.

दुपारी सटाण्यात जाऊन २० वॉटचे चार एलईडी फोकस आणले. १८ चे ७ अँपियर झाले. हेडलाइट ट्रॉली भरताना बंद ठेवायचे असं ठरलं, म्हणजे फोकस आणि टेप मिळून १६. जवळपास बसतंय. मग ट्रॉलीची वायर शोधली, ती उंदरांनी कुरतडलेली. नवीन टाकली, पाना हातात होता म्हणून मागे लाल रिफ्लेक्टरही ठोकले.

अँप्लिफायर बंद ठेवता येईल का, असं हळूच विचारून पाहिलं.

"टेप बंद केला तर मजूर शेजारच्याकडे जातील," नाना म्हणाले.