अहवालातल्या दोन शब्दांवर औषध ठरू नये

जानेवारी २०२५मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात गुइलेन बॅरे सिंड्रोम म्हणजेच जीबीएसचे रुग्ण एकापाठोपाठ सापडू लागले. फेब्रुवारीत मुंबईत, अंधेरी पूर्वेतही नोंद झाली. तेव्हापासून पायांना मुंग्या आल्या तरी लोक स्वतःहून नर्व्ह कंडक्शन टेस्ट करून घेतात. अहवालात ‘डिमायलिनेटिंग न्यूरोपॅथी’ एवढे दोन शब्द येतात आणि घोळ तिथून सुरू होतो.

विजेच्या तारेवर असते तसे मज्जातंतूवर मायलिनचे आवरण असते. ते खराब झाले की संदेश मंदावतो. या चाचणीत बारीक झटके देऊन त्याचा वेग मोजतात; निरोगी हातात तो सेकंदाला साधारण ५० मीटर किंवा अधिक असतो. पण वेग कमी होण्याची कारणे अनेक. जीबीएसमधला अशक्तपणा चार आठवड्यांत वाढून थांबतो. त्यावर इम्युनोग्लोब्युलिन किंवा प्लाझ्मा एक्स्चेंज हे उपचार आहेत. स्टिरॉइडचा उपयोग होत नाही. आठ आठवड्यांनंतरही दुखणे वाढतच असेल तर सीआयडीपीचा विचार करावा लागतो, आणि तिथे तेच स्टिरॉइड गुण देते. शार्को-मारी-टूथ हा आजार आनुवंशिक. त्यात इम्युनोग्लोब्युलिनवर लाखो रुपये घातले तरी फरक पडत नाही.

आलेख नीट वाचला तर बराच उलगडा होतो. शार्को-मारी-टूथच्या नेहमीच्या प्रकारात सगळेच मज्जातंतू सारखे मंद असतात, हातात बहुधा ३८ मीटरच्या खाली. जीबीएस आणि सीआयडीपीत नुकसान ठिकठिकाणी असते: एक मज्जातंतू बरा, दुसरा मंद, कुठे संदेश मधेच अडलेला. मधुमेहातही वेग घटतो, आणि मुंबईत मधुमेह घरोघरी आहे. एवढेच काय, एसीच्या खोलीत गार पडलेला हातही आजारी ‘दिसतो’! म्हणून त्वचेचे तापमान ३२ अंशांच्या आसपास ठेवूनच मोजणी व्हायला हवी. अहवालात ते लिहिलेले क्वचितच सापडते.

चाचणीची मर्यादाही ओळखली पाहिजे. जीबीएसच्या पहिल्या आठवड्यात ती सामान्य येऊ शकते. पायांतली ताकद भराभर जाते आहे, गुडघ्यावर हातोडी मारली तर पाय उडत नाही, अशा रुग्णाला अहवालाची वाट पाहत घरी ठेवणे धोक्याचे. श्वासाचे स्नायू कधी थकतील सांगता येत नाही. त्याला आधी दाखल करावे. चाचणी नंतर होईल, गरज पडल्यास दोन आठवड्यांनी पुन्हा होईल.

बोरिवली किंवा मुलुंडच्या ज्या माणसाला जिना चढता येत नाही, त्याने या चाचणीसाठी लोकलने परळ गाठावे ही अपेक्षाच चुकीची आहे. उपनगरांतल्या प्रत्येक मोठ्या पालिका रुग्णालयात हे यंत्र आणि ते चालवणारा प्रशिक्षित तंत्रज्ञ असायला हवा. यंत्र घेणे त्यातले सोपे काम. तोवर रुग्णाने निदान जुने अहवाल, अशक्तपणा सुरू झाल्याची तारीख आणि घरात आणखी कुणाची पावले उंच कमानीची आहेत का, ही माहिती डॉक्टरांकडे जाताना सोबत न्यावी.