पैसे पाण्यात?

दोन वर्षांच्या पोराला समुद्रावर नेणं म्हणजे पैसे पाण्यात, असं आमच्याकडे हरसूलला बऱ्याच जणांचं ठाम मत आहे. "त्याला काय आठवणारे? मोठा झाला की न्या!" आमच्या आईचंही हेच म्हणणं. मला मात्र हे अजिबात पटत नाही.

आठवणार नाही, हे कबूल. बहुतेक मोठ्या माणसांना तीन-साडेतीन वर्षांच्या आधीचं काहीच आठवत नाही. पण आपण चालायला कधी शिकलो हे तरी कुणाला आठवतं? पाय थोडेच विसरलेत! ओली वाळू पायाखालून सरकली की तोल कसा सांभाळायचा, लाट आली की मागे कधी सरायचं, हे दोन वर्षांचं पोर अंगानेच शिकतं. त्याचा फोटो अल्बम होत नाही, एवढंच.

आणि "मोठा झाला की" म्हणजे नक्की कधी? त्र्यंबकला ब्रह्मगिरीवर उगम पावलेली गोदावरी पूर्वेला बंगालच्या उपसागराकडे जाते, पण आमच्या हरसूल भागातलं पाणी दमणगंगेतून पश्चिमेला, थेट अरबी समुद्राला. दर पावसाळ्यात पाणी जातं... आमचे दादा गेले वयाच्या एकसष्टाव्या वर्षी! आधी शेती, मग माझं इंजिनिअरिंग, मग ताईचं लग्न. नकाशावर सरळ रेषा मारली तर समुद्र शंभर किलोमीटरसुद्धा नाही. आता बोला.

तर जायचंच. पण जायचं कसं, यावर माझी काही मतं आहेत. आमच्या धंद्यात पहिला प्रश्न असतो, युजर कोण? इथे युजर दोन वर्षांचा आहे, तेव्हा रिक्वायरमेंट त्याच्याकडून घ्या. तीन दिवसांत पाच बीच, दोन किल्ले आणि एक वॉटर पार्क, ही रिक्वायरमेंट त्याची नसते, आपल्या फोनची असते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचना सांगतात की एक ते दोन वर्षांच्या मुलाला दिवसाला ११ ते १४ तास झोप हवी, आणि त्याला एका वेळी तासाभराहून जास्त बांधून बसवू नये. म्हणजे जव्हारमार्गे डहाणूकडे जाताना तासाला एक थांबा ठरलेला. लवकर पोचून करायचंय काय?

पोचल्यावर एकच जागा. आम्ही बोर्डीला चिकूच्या वाडीतली साधी खोली घेतली होती. सुरूची झाडं ओलांडली की वाळू. बोर्डीचा किनारा सपाट, ओहोटीला पाणी खूप आत जातं आणि मागे घोटाभर पाण्याची डबकी राहतात. पोराला तेवढा समुद्र पुरतो. फक्त भरतीची वेळ विचारून ठेवा. ती रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते, आणि अमावस्या-पौर्णिमेला उधाण असतं. सपाट किनाऱ्यावर पाणी आलं की भराभर येतं, तेव्हा हात सोडायचा नाही. पावसाळ्यात तर जाऊच नका.

आणखी एक. स्वयंपाकघर असलेली खोली "सोयीची" म्हणून घेतात. सोय कुणाची? बायको आणि आई तिथेही खिमटच शिजवत बसणार असतील, तर त्यांची फक्त शेगडी बदलली, सुट्टी नाही झाली. वाडीवाल्यांनाच मऊ भात-वरण सांगा, चार पैसे जास्त गेले तर जाऊ द्या.

असो. आजी-आजोबांनाही बरोबर न्या. वाळूत तासन्‌तास बसायला दोन वर्षांच्या पोराइतकाच वेळ असणारी घरात तीच दोन माणसं असतात. "मोठा झाला की" म्हणत एक पिढी किनाऱ्याच्या एवढ्या जवळ राहून समुद्र न बघता म्हातारी झाली. दुसरी कशाला?