गोदी राखेल, तो सागर राखेल

नव्या युद्धनौकेचे जलावतरण झाले की वृत्तपत्रांत तिची छायाचित्रे झळकतात आणि आपला ऊर अभिमानाने भरून येतो. ते स्वाभाविकच आहे. परंतु ही नौका रणात घायाळ झाली, तर दुरुस्तीला कोणत्या बंदरात न्यायची, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. सागरी युद्धांचा निकाल मात्र अनेकदा याच प्रश्नाने लावला आहे.

७ डिसेंबर १९४१ रोजी जपानने पर्ल हार्बरवर हल्ला चढवून अमेरिकेच्या बलाढ्य युद्धनौका बुडवल्या. पण तेथील तेलाच्या टाक्या, सुक्या गोद्या आणि कार्यशाळा शाबूत राहिल्या. मे १९४२ मध्ये कोरल समुद्रातील लढाईत ‘यॉर्कटाउन’ ही अमेरिकी विमानवाहू नौका जबर घायाळ झाली. दुरुस्तीस तीन महिने लागतील, असा अंदाज होता. पर्ल हार्बरच्या गोदीत चौदाशेहून अधिक कारागीर अहोरात्र राबले आणि तीनच दिवसांत ती पुन्हा रणाकडे निघाली. जूनमध्ये मिडवेच्या संग्रामात जपानने चार विमानवाहू नौका गमावल्या. ‘यॉर्कटाउन’ही अखेर बुडाली, पण आपले काम चोख बजावून. कोरल समुद्रातच घायाळ झालेली जपानची ‘शोकाकू’ मात्र मिडवेला पोहोचूच शकली नाही.

सिंगापूरची कथा याच्या उलट. ब्रिटनने अफाट खर्चून उभारलेला तेथील नाविक तळ १५ फेब्रुवारी १९४२ रोजी शत्रूच्या हाती पडला. एप्रिलमध्ये कोलंबो व त्रिंकोमालीवर बाँब पडले आणि ब्रिटिश आरमाराने थेट आफ्रिकेच्या किलिंदिनी बंदराचा आश्रय घेतला. विशाखापट्टणम् आणि काकीनाडा यांनीही ते बाँब सोसले. परक्याच्या हाती सोपविलेले संरक्षण ऐन वेळी किती दूर जाते, हे हिंदुस्थानने तेव्हा अनुभवले.

आज चीनने जिबूती येथे २०१७ मध्ये तळ उघडला आहे. त्याच वर्षी श्रीलंकेचे हंबनटोटा बंदर ९९ वर्षांच्या कराराने चिनी कंपनीकडे गेले. भारतानेही २०१८ मध्ये ओमानच्या दुक्म बंदराच्या वापराची सोय मिळवली आणि २०२४ मध्ये मॉरिशसच्या अगालेगा बेटावर धावपट्टी व धक्का उभारून दिला. ही पावले स्वागतार्ह आहेत. तथापि मित्रराष्ट्राचे बंदर हे शेवटी त्याच्या सदिच्छेवर अवलंबून असते. सरकार बदलले, की सदिच्छाही बदलू शकते. म्हणून अंदमान-निकोबारमध्ये मोठ्या युद्धनौकांना पुरेशा गोद्या, सुट्या भागांची कोठारे आणि कुशल कारागीर यांची सिद्धता शांततेच्या काळातच व्हायला हवी. युद्ध पेटल्यावर गोदी बांधता येत नाही.

आपल्या पूर्वजांना हे ठाऊक होते. विजयदुर्गाजवळ वाघोटण खाडीत खडक फोडून कोरलेली मराठा आरमाराची गोदी आजही त्याची साक्ष देते. तिच्या दर्शनाला जाणाऱ्यांनी केवळ अभिमान बाळगून परतू नये. तिच्यामागची दूरदृष्टीही सोबत आणावी.