दिवाळखोर म्हणजे चोर नव्हे

शुक्रवारी संध्याकाळी एक छोटंसं काम हातावेगळं केलं. आमचा क्लायंट म्हणजे एक अमेरिकन विमा कंपनी. तिच्याकडे नवीन एजंट आला की त्याची छाननी करणारं सॉफ्टवेअर आम्ही इथे पुण्यात बसून लिहितो. रिक्वायरमेंट एका ओळीची होती: क्रेडिट रिपोर्टमधे गेल्या ७ वर्षांत बँकरप्सी दिसली, की अर्ज नामंजूर. एक इफ, एक एल्स. टेस्ट पास झाली, मी चहा प्यायला गेलो. आणि चहा पिता पिता डोक्यात आलं, च्यायला, आपण आत्ता कोणाची तरी रोजीरोटी बंद केली की!

शनिवारी बसून जरा वाचलं. तिकडे विमा विकायचा तर राज्याचं लायसन्स लागतं. त्यासाठी बहुतेक राज्यांत चालणारा जो एकसमान अर्ज आहे, त्यात दिवाळखोरीचा प्रश्न आहेच. पण तिथेच सूचनाही आहे: वैयक्तिक दिवाळखोरी सांगू नका, दुसऱ्यांचे तुमच्याकडे ठेवलेले पैसे त्यात अडकले असतील तरच सांगा. मला हे फार आवडलं. तुम्ही क्रेडिट कार्डापायी बुडालात की हॉस्पिटलच्या बिलापायी, याच्याशी त्यांना घेणंदेणं नाही. ग्राहकाने विश्वासाने दिलेल्या पैशाचं काय केलंत, एवढंच त्यांना हवंय.

कायदाही याच बाजूचा. ॲरिझोनात एकाचं अपघाताच्या भरपाईचं देणं दिवाळखोरीत माफ झालं होतं, तरी राज्याने त्याचं ड्रायव्हिंग लायसन्स अडवून ठेवलं. १९७१ मधे सुप्रीम कोर्टाने ते चूक ठरवलं. मग १९७८ च्या दिवाळखोरी कायद्यात कलम ५२५ आलं: निव्वळ दिवाळखोरीच्या कारणावरून सरकारला कोणाचं लायसन्स नाकारता येत नाही.

ग्यानबाची मेख पुढे आहे. १९८४ मधे खासगी मालकांवरही बंधन आलं, पण ते मुख्यतः नोकरीवर असलेल्या माणसाला काढण्याबाबत. मुळात घ्यायचंच नाही असं ते म्हणू शकतात; २०१० मधे थर्ड सर्किटच्या अपील कोर्टाने तसा स्पष्ट निकाल दिला. शिवाय बरेच विमा एजंट कंपनीचे नोकर नसतातच, कमिशनवर काम करणारे स्वतंत्र कंत्राटदार असतात. म्हणजे सरकार लायसन्स देणार, पण विकायला पॉलिसी कोणी देईलच असं नाही. नुसतं लायसन्स काय भिंतीवर टांगायचंय?

आता कंपनीची बाजूही ऐकू. पैशाने गांजलेला माणूस हप्त्याच्या पैशाला हात लावेल, कमिशनसाठी नको ती पॉलिसी कोणाच्या तरी गळ्यात मारेल, ही भीती खोटी नाही. आणखी एक भानगड आहे. तिकडे बऱ्याच कंपन्या एजंटला पुढच्या महिन्यांचं कमिशन आगाऊ देतात. ग्राहकाने पॉलिसी मधेच सोडली की ते परत मागतात. अशी बाकी अंगावर असताना दिवाळखोरी घेतली, तर बुडतात ते विमा कंपनीचे पैसे. हे विचारायलाच हवं, आणि विमा कंपनीच्या थकबाकीबद्दल तो सरकारी अर्जही विचारतो.

पण माझा इफ यातलं काहीच विचारत नाही. इंजिनियरच्या भाषेत सांगायचं तर तो चुकीचं व्हेरिएबल तपासतो. पाच क्रेडिट कार्डं तुडुंब भरलेला, रोज वसुलीचे फोन घेणारा, पण अजून कोर्टात न गेलेला माणूस या नियमातून आरामात पार होतो. आणि ज्याने रीतसर चॅप्टर सेव्हनखाली हिशोब मिटवला, ज्याच्या मागे आता वसुलीवाले उरलेच नाहीत, तो बाहेर. दोघांत जास्त गांजलेला कोण, सांगा बघू! शिवाय विश्वासाने सोपवलेल्या पैशांत अफरातफर केली असेल, तर ते देणं माफ होऊ नये म्हणून कलम ५२३ मधे अपवाद ठेवलेलाच आहे. म्हणजे चोर कोण आणि बुडालेला कोण, हे वेगळं काढायची सोय कायद्याने केली होती. आम्ही ती दोन ओळींत पुसून टाकली.

हे वाचताना आमच्या जुन्या बिल्डिंगमधले विमेवाले काका आठवले. धाकट्या भावाच्या कर्जाला जामीन राहिले, भावाचा कारखाना बसला आणि बँक काकांच्या दारात आली. आमच्याकडे तेव्हा क्रेडिट रिपोर्ट नव्हता, जिन्यातली कुजबुज होती. "सध्या त्यांच्याकडे चेक देऊ नका हं," एवढ्यावर काम झालं. चेक कंपनीच्या नावाचा, त्यात काका काय खाणार होते? आपल्या १९३८ च्या विमा कायद्यात, २०१५ च्या दुरुस्तीनंतरच्या कलम ४२ मधे, एजंटला अपात्र ठरवणाऱ्या गोष्टींची यादी आहे. तीत अफरातफर आहे, विश्वासघात, फसवणूक, बनावट कागदपत्रं आहेत. कर्जबाजारी होणं नाही. पण बिल्डिंगचा कायदा वेगळा. आईनेही तेव्हा आमचा हप्ता परस्पर ऑफिसात जाऊन भरायला सुरुवात केली होती. काका जिन्यात भेटले की ती उगाचच घाईत असायची.

असो. सोमवारी बिझनेस ॲनालिस्टला मेल टाकणार आहे. 'नामंजूर' काढून तिथे 'माणसाने तपासावं' असं करा, आणि अर्जदाराला तीनच प्रश्न विचारा: दुसऱ्यांचे पैसे अडकले होते का? एखाद्या विमा कंपनीची बाकी बुडाली का? प्रकरण मिटलं की अजून चालू आहे?

'ॲज पर रिक्वायरमेंट' असंच उत्तर येईल बहुतेक :-) पण मेल जाणार हे नक्की. कोड माझ्या नावावर चेक-इन झालाय.