नूडल्स आल्या, आता मिठाचा धडाही येऊ द्या

शिरूर तालुक्यात रांजणगावला एलजीचा कारखाना आहे, त्यामुळे कोरियाचं नाव आपल्याकडे नवीन नाही. नवीन आहे ते कोरियन खाणं. तिथल्या झणझणीत नूडल्स आता पुण्याच्या मॉलपुरत्या राहिलेल्या नाहीत; शिरूर-दौंडच्या दुकानांतही त्यांची पाकिटं दिसू लागली आहेत. कोरियाचं सरकार खाद्यपदार्थांच्या निर्यातीला जोरदार पाठबळ देतं. २०२४ मध्ये त्यांच्या इन्स्टंट नूडल्सच्या निर्यातीनेच १०० कोटी डॉलरचा टप्पा ओलांडला.

मध्यंतरी पंचविशीतला एक कंत्राटी कामगार डोकेदुखीची तक्रार घेऊन ओपीडीत आला. रक्तदाब १५६/१००. रात्रपाळी संपली की खोलीवर दोन पाकिटं नूडल्स, सूपसकट, हा त्याचा रोजचा नेम. ‘‘डॉक्टर, तिखटानं झालं का हो?’’ त्याने विचारलं.

तिखटाची चर्चा फार होते. जून २०२४ मध्ये डेन्मार्कने काही अतितिखट कोरियन नूडल्स बाजारातून परत मागवल्या होत्या. तिखटाने पोटात आग पडेल. पण रक्तदाबाच्या बाबतीत खरी काळजी मिठाची. अशा अनेक पाकिटांत १२०० ते १८०० मिलिग्रॅम सोडियम असतं, म्हणजे साधारण तीन ते साडेचार ग्रॅम मीठ. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना दिवसभरात पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खायला सांगते. दोन पाकिटांतच हिशेब संपतो. डब्यातली भाजी, लोणचं, पापड वेगळंच.

एकट्या नूडल्सनी त्याचा रक्तदाब वाढवला, असं मी म्हणणार नाही. जागरण, तंबाखू, घराण्यातला आजार हेही असतं. शिवाय आपला फरसाण आणि वडापावही काही अळणी नसतो.

पण कोरियाकडून घेण्यासारखी आणखी एक गोष्ट आहे. सूप, किमची, सोया सॉस खाणाऱ्या या देशात मीठ आपल्यासारखंच भरपूर. तिथल्या सरकारने २०१२ मध्ये राष्ट्रीय मोहीम काढली. लोकांना समजावलं, शाळा-कारखान्यांच्या खानावळींत कमी मिठाचं जेवण आणलं, हॉटेलं आणि खाद्य कंपन्यांनाही सोबत घेतलं. २०२० पर्यंत सोडियम २० टक्क्यांनी घटवायचं ठरवलं होतं. प्रत्यक्षात २०१० च्या तुलनेत २०१४ पर्यंतच ते सुमारे २४ टक्क्यांनी उतरलं. जिभेची सवय बदलते, हे त्यांनी दाखवून दिलं.

मग रांजणगाव आणि कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतींतल्या कँटीनमध्ये हे का होऊ नये? टेबलावरची मीठदाणी उचला, लोणचं-पापड मागेल त्यालाच द्या, वर्षातून एकदा प्रत्येकाचा, कंत्राटी कामगाराचाही, रक्तदाब तपासा. याला मोठा खर्च नाही. पाकिटावरचं सोडियमही पुढच्या बाजूला, ठळक अक्षरांत हवं.

त्या तरुणाला मी नूडल्स बंद करायला सांगितलं नाही. रोजऐवजी कधीतरी, एकच पाकीट, मसाला अर्धा, सूप टाकून द्यायचं, वर अंडं किंवा भाजी. सोबत औषधाआधी काही दिवस रक्तदाबाची नोंद. तिशीच्या आत रक्तदाब कुणी मोजत नाही. तुमच्या घरातल्या पोराचा शेवटचा कधी मोजला होता?