गाडी तीन पाण्यांतून काढायची!

माझ्या उजव्या मनगटावर एक जुना डाग आहे. कॉलेजात असताना घाटात गाडी तापली. बॉनेटमधून भसाभस वाफ! मी मोठ्या रुबाबात उतरलो, फडकं घेतलं आणि रेडिएटरचं झाकण फिरवलं. उकळत्या पाण्याचा असा फवारा उडाला म्हणता! तोंड थोडक्यात वाचलं, मनगट भाजलं. तो हा डाग.

परवा रविवारी सकाळी भाचीनं बॉनेटमध्ये डोकं घातलं आणि ओरडली, "मामा, या डबीत चहा कुणी ओतला?" बघतो तर काय, कूलंटच्या डबीत खरंच चहाच्या रंगाचं पाणी! गंजाचा रंग तो. कुणीतरी वेळोवेळी बोअरचं पाणी भरलं होतं. त्यातल्या क्षारांचा आत थर बसतो, अगदी पाणी तापवायच्या बंबात बसतो तसा.

"मग धुऊन काढू या की!" भाची म्हणाली. ठरलं.

पण आधी सांगा, गाडीला पाणी लागतं कशाला? पेट्रोल जळून जी उष्णता निघते, तिचा ढोबळमानानं एक तृतीयांश भागच चाकं फिरवायला कामी येतो. तेवढीच धुराबरोबर बाहेर जाते आणि जवळपास तेवढीच इंजिनाच्या अंगात मुरते. ती काढून न्यायला पाणी इंजिनात फिरतं, तापतं, रेडिएटरच्या बारीक नळ्यांत येऊन वाऱ्यानं निवतं आणि पुन्हा आत जातं. 1888 साली बर्था बेंझ आपल्या दोन मुलांना घेऊन नवऱ्यानं बनवलेल्या मोटारीतून मानहाइमहून फोर्झहाइमला गेली. अंतर शंभरेक किलोमीटर. त्या गाडीतलं पाणी वाफ होऊन उडून जायचं, म्हणून वाटेत ठिकठिकाणी थांबून पाणी भरावं लागलं!

आता गाडीला झाकण असतं. हे झाकण म्हणजे कुकरची शिट्टीच समजा. आत दाब असतो, म्हणून पाणी शंभर अंशांच्या वर गेलं तरी उकळत नाही. पण गरम असताना झाकण काढलंत की दाब एकदम उतरतो आणि सगळं पाणी एका क्षणात उसळतं. कुकरची वाफ जिरल्याशिवाय आई झाकण उघडते का? मग! इंजिन पूर्ण थंड झाल्याशिवाय झाकणाला हात नाही. आमची गाडी रात्रभर उभी होती, म्हणूनच काम हाती घेतलं.

गाडी सपाट जागी, मोकळ्या हवेत लावली. बंद गॅरेजात इंजिन चालू ठेवायचं नाही, धूर विषारी असतो. हँडब्रेक ओढला, चाकांना दगड लावले. बॅटरीची ऋण बाजूची वायर सोडली, कारण काही गाड्यांचा पंखा चावी काढल्यावरही अचानक फिरू लागतो. रेडिएटरखाली घमेलं सरकवलं, झाकण उघडलं आणि तळाची छोटी तोटी सैल केली. (काही गाड्यांना तोटी नसते. तिथे खालची रबरी नळी सोडावी लागते.) गढूळ पाणी घमेल्यात आलं.

मग तोटी बंद, नरसाळ्यानं स्वच्छ पाणी भरलं, झाकण लावलं, बॅटरी जोडली. हीटरचा खटका 'गरम'वर ठेवला, म्हणजे त्याच्या नळ्याही धुतल्या जातात. इंजिन सुरू केलं.

"आता किती वेळ थांबायचं?" भाचीनं विचारलं.

इंजिनात थर्मोस्टॅट नावाचा एक द्वारपाल असतो. पाणी ऐंशी-नव्वद अंशांपर्यंत तापलं की तो दार उघडतो. तेव्हाच रेडिएटरची वरची नळी चांगली गरम होते. तशी ती झाल्यावर इंजिन बंद केलं. आणि मग? मग पुन्हा गार होईपर्यंत वाट बघणं! जेवलो, पत्त्यांचे दोन डाव झाले. असं तीनदा केलं, तेव्हा कुठे पाणी नितळ आलं. धुणं कसं तीन पाण्यांतून काढतात, तसंच. शेवटचं पाणी मात्र डिस्टिल्ड, कारण थोडं पाणी आत राहतंच.

शेवटी नवं कूलंट. आमच्या गाडीत पाच लिटर मावतं, म्हणून अडीच लिटर निव्वळ कूलंट आणि वर डिस्टिल्ड पाणी. झाकण उघडं ठेवून थंड इंजिन सुरू केलं, तसे अडकलेल्या हवेचे बुडबुडे आले आणि पातळी उतरली. ती भरून झाकण लावलं. कूलंट कोणतं, हे गाडीच्या पुस्तिकेत बघायचं. हिरवा, लाल असे रंग बघून ठरवायचं नाही, दोन जातींची भेसळही नाही.

या धावपळीत एक गोष्ट मी विसरलोच होतो. भाची एकदम धावली. आळीतलं कुत्रं घमेल्याला तोंड लावणार होतं! कूलंटमध्ये बहुधा इथिलीन ग्लायकॉल असतं. चवीला गोड, पण थोडंसं पोटात गेलं तरी मूत्रपिंडं निकामी होतात, प्राणी दगावतो. तिनं घमेलं उचललं, सगळं पाणी झाकणाच्या कॅनमध्ये ओतलं, वर 'विष' अशी चिठ्ठी डकवली आणि सांडलेलं धुऊन-पुसून घेतलं. हे पाणी गटारात किंवा झाडाला घालायचं नसतं. जुनं कूलंट गोळा करणाऱ्या गॅरेजला ते द्यायचं. त्या दिवसाची खरी मेकॅनिक तीच!

आणि हो, मोठं माणूस जाणकार असेल आणि सोबत असेल तरच हे काम करायचं. निघालेलं पाणी दुधाळ किंवा तेलकट दिसलं, तर थेट मेकॅनिक गाठायचा. विजेवरच्या गाड्यांच्या बॅटरीलाही अनेकदा कूलंट असतं. त्याला घरी हातच लावायचा नाही.

डोकं चालवा : पाच लिटरपैकी दर वेळी तीनच लिटर निघतं, दोन आत राहतं. तीनदा रिकामं करून तीनदा भरल्यावर मूळ गढूळ पाणी शेकडा किती उरलं? उत्तर पुढच्या अंकात!