लेक परदेशी, निरोप घरी

जून-जुलै उजाडला की आपल्या आजूबाजूच्या घरांतून एक विशिष्ट गडबड ऐकू येऊ लागते. कुणाचा मुलगा, कुणाची मुलगी ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या विद्यापीठात शिकायला निघालेली असते. मग भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, दुहेरी पिशवीत बांधलेलं लोणचं, छोटा कुकर, त्याची जास्तीची रिंग आणि शिटी! बॅग वजनकाट्यावर चार वेळा चढते आणि चार वेळा उतरते. सगळं अगदी निगुतीनं भरलं जातं. राहतं ते एकच साधं चिटोरं. तिकडे एकाएकी काही संकट आलंच, तर विद्यापीठाचा निरोप मुलांना कसा मिळणार, आणि मुलांचा निरोप आपल्याला कसा पोचणार, हे कुठंच लिहिलेलं नसतं.

"शुभकार्याला निघालेल्या लेकरासमोर असलं अभद्र कशाला?" असं घरातल्या सासूबाई म्हणतील. त्यांचंही खरं आहे. पण समईजवळ वावरताना आपण पदर सावरतोच ना? त्यात अभद्र काही नसतं. तहान लागल्यावर विहीर खणायची नाही, एवढाच त्याचा अर्थ.

तिकडचे नियम आले कुठून?

अमेरिकेतल्या कॉलेजांना संकटाची सूचना मुलांना द्यावीच लागते. तसा कायदा आहे, आणि त्यामागे एका आईबापांचं दुःख आहे. १९८६ च्या एप्रिलमध्ये पेनसिल्व्हेनियातल्या लीहाय विद्यापीठात जीन क्लेरी नावाच्या विद्यार्थिनीचा तिच्या वसतिगृहाच्या खोलीत खून झाला. इमारतीची आपोआप बंद होणारी दारं कुणीतरी उघडी अडकवून ठेवली होती. तिच्या आईवडिलांनी नेट धरला, आणि १९९० मध्ये कायदा झाला. १९९८ पासून तो त्यांच्या लेकीच्या नावानं ओळखला जातो. आवारात घडलेल्या गुन्ह्यांची माहिती विद्यापीठानं दर वर्षी प्रसिद्ध करायची आणि धोका असेल तर मुलांना वेळेवर सांगायचं, हे त्या कायद्यानं आलं.

तरी "वेळेवर" म्हणजे केव्हा, हा प्रश्न उरलाच होता. १६ एप्रिल २००७ ला व्हर्जिनिया टेक या विद्यापीठात त्याचं फार महागात उत्तर मिळालं. सकाळी सव्वासातच्या सुमाराला एका वसतिगृहात दोघांना गोळ्या घातल्या गेल्या. हा आपसांतला प्रकार असावा अशा समजुतीनं तपास सुरू झाला. मुलांना ई-मेल गेला तो ९ वाजून २६ मिनिटांनी. तोवर मुलं नेहमीसारखी वर्गात जाऊन बसली होती. पुढच्या पंधरा मिनिटांतच मारेकऱ्यानं नॉरिस हॉल या इमारतीत गोळीबार सुरू केला. त्या दिवशी ३२ जण प्राणाला मुकले. आपल्याकडे तेव्हा संध्याकाळचे सात वाजून गेले होते, दिवेलागण होऊन गेली होती.

त्याच इमारतीतल्या एका वर्गात मुलांनी एक मोठं टेबल दाराला लावून घट्ट धरून ठेवलं. मारेकरी त्या खोलीत शिरू शकला नाही आणि आतली सगळी मुलं वाचली. हे मुद्दाम सांगते आहे, कारण वेळेवर केलेली साधी गोष्ट किती मोलाची ठरते ते यावरून कळतं.

पुढच्याच वर्षी, २००८ मध्ये, कायदा अधिक कडक झाला. गंभीर संकटाची खात्री पटताच विलंब न लावता आवारातल्या सगळ्यांना सूचना द्यायची, आणि ही व्यवस्था वर्षातून एकदा तरी चालवून पाहायची, असं बंधन आलं. आता बहुतेक विद्यापीठांत मोबाईलवर संदेश, ई-मेल, भोंगे आणि ध्वनिवर्धक असे अनेक मार्ग एकदम वापरतात.

पण संदेश येणार कुठल्या नंबरावर?

इथंच खरी गोम आहे पाहा. अर्ज भरताना मुलांनी आपला इथला नंबर दिलेला असतो. तिकडे गेल्यावर आठवड्याभरात नवा नंबर मिळतो, इथलं कार्ड ड्रॉवरमध्ये पडतं, आणि विद्यापीठाच्या दप्तरी जुनाच नंबर राहतो. काही ठिकाणी मोबाईलवरच्या संदेशासाठी वेगळी नोंदणीही करावी लागते. तेव्हा "पोचलो" असा फोन आला, जेवलास का वगैरे झालं, की चौथ्या-पाचव्या दिवशी आठवणीनं विचारा, "नवा नंबर विद्यापीठात नोंदवलास का?" आणि तो नोंदवल्यावर चाचणीचा संदेश मिळाला का, तेही विचारा.

दुसरी गोष्ट, संकटकाळी कुणाला कळवायचं त्या रकान्यातला आपला नंबर. आपण सवयीनं दहाच आकडे लिहितो. तिकडच्या कारकुनानं ते दहा आकडे फिरवले तर फोन आपल्याकडे लागणारच नाही. अमेरिकेतून आपल्याकडे फोन करताना आधी ०११, मग ९१ आणि मग आपला नंबर लावावा लागतो. तो तसाच पूर्ण लिहायला सांगा. शिवाय तिकडच्या जवळपासच्या एखाद्या नातलगाचं किंवा ओळखीच्या माणसाचं नावही त्यांना विचारून द्या. आपल्या मध्यरात्री तोच माणूस तिथं आधी पोचू शकतो.

आणखी एक, जे ऐकून आयांना राग येतो. कॉलेजात शिकणाऱ्या मुलाची माहिती १९७४ च्या एका कायद्यानुसार मुलाच्याच मालकीची असते. "मी त्याची आई बोलते आहे" एवढं सांगून कार्यालय सहसा काही सांगत नाही. जिवावरच्या प्रसंगी सांगण्याची त्यांना मुभा आहे, पण ती त्यांची मुभा, आपला हक्क नव्हे. म्हणून मुलानंच आईवडिलांना माहिती देण्याचं संमतिपत्र आधी भरून ठेवलेलं बरं. विद्यापीठाच्या वसतिगृहात राहणाऱ्यांना, आपण बेपत्ता झालो तर कुणाला कळवायचं, ते नाव वेगळं आणि गुप्तपणे नोंदवता येतं. तेही भरायला सांगा. मूल बेपत्ता असल्याचं ठरल्यापासून २४ तासांच्या आत त्या व्यक्तीला कळवणं विद्यापीठाला बंधनकारक आहे. आपली बरीच मुलं मात्र चार-पाच जण मिळून बाहेर भाड्याच्या घरात राहतात. त्यांना हा नियम लागू होत नाही. अशा मुलांच्या सोबत्यांचे दोन नंबर आपल्याकडे हवेतच.

ते शब्द आपल्यालाही कळायला हवेत

मुलगी फोनवर "वॉच आहे" म्हणाली की आपल्या पोटात गोळा येतो. मधल्या राज्यांत वावटळीचा, म्हणजे टोर्नेडोचा, धोका असतो. तिथं "वॉच" म्हणजे हवामान तसं आहे, सावध राहा. "वॉर्निंग" म्हणजे वावटळ दिसली आहे किंवा रडारवर सापडली आहे, आता लगेच आसरा घ्या. आसरा म्हणजे तळघर, किंवा सगळ्यांत खालच्या मजल्यावरची आतली, बिनखिडक्यांची खोली. "शेल्टर इन प्लेस" म्हणजे जिथं आहात तिथंच आत थांबा, बाहेर पडू नका. "ऑल क्लिअर" असा संदेश आला की संकट टळलं. कुणी शस्त्र घेऊन आवारात शिरला तर पळता येत असेल तर पळा, नाही तर दार लावून, दिवे घालवून, फोनचा आवाज बंद करून लपा, आणि दुसरा इलाजच उरला नाही तर प्रतिकार करा, असं तिकडे शिकवतात.

आणि आगीची घंटा! आपल्या फोडणीच्या धुरानंसुद्धा ती ठणाणते, म्हणून मुलं कंटाळून यंत्रावर पिशवी बांधतात. असं कधीही करू देऊ नका. न्यू जर्सीतल्या सीटन हॉल विद्यापीठाच्या वसतिगृहाला २००० सालच्या जानेवारीत पहाटे आग लागली, तीन विद्यार्थी गेले. त्याआधी खोट्या घंटा इतक्यांदा वाजल्या होत्या की कित्येक मुलांना त्या रात्रीचीही घंटा खोटीच वाटली. तेव्हा लेकीला सांगा, फोडणी देताना पंखा लाव, खिडकी उघड, पण घंटा वाजली की गॅस बंद करून खाली उतर. पोळी करपली तरी चालेल. आणि आपोआप बंद होणारं दार मैत्रीण येणार म्हणून उघडं अडकवून ठेवू नकोस.

आता आपलं काम

बातमी टीव्हीवर दिसली की आपला हात आधी फोनकडे जातो. जाणारच, आईचा जीव आहे! पण मुलगा कुठं दडून बसला असेल तर आपल्या फोनची घंटाच त्याचा घात करू शकते. शिवाय अशा वेळी सगळ्यांचे फोन एकदम सुरू झाले की लागत नाहीत. चार शब्दांचा संदेश मात्र बऱ्याचदा जातो. म्हणून निघण्यापूर्वीच ठरवून घ्या की तिकडे काही घडलं तर मुलानं आधी स्वतःचा जीव सांभाळायचा, आणि सुरक्षित जागी पोचल्यावर "सुखरूप" एवढा एकच शब्द पाठवायचा. कसं, काय, कुठं, ते मागाहून. तो शब्द घरातल्या एकाच माणसाकडे येईल. आत्या, मावशी, काकू, शेजारच्या वहिनी या सगळ्यांनी त्या माणसाला विचारायचं, मुलाला नाही.

शब्द आलाच नाही तर? आधी विद्यापीठाच्या अधिकृत पानावरची सूचना पाहा. मग सोबत्यांना संदेश करा. त्यानंतर विद्यापीठाच्या पोलिसांना फोन. इथून ९११ लावून तिकडची मदत मिळत नाही, म्हणून त्यांचा नेहमीचा दहा आकडी नंबर आधीच शोधून ठेवा. इथून लावताना ००, मग १ आणि मग तो नंबर. मुलाचं पूर्ण नाव, जन्मतारीख, विद्यापीठातला क्रमांक आणि राहण्याचा पत्ता समोर असू द्या. त्या राज्याचं काम पाहणाऱ्या आपल्या भारतीय वकिलातीचा नंबरही लिहून ठेवा. फिरत येणाऱ्या चित्रफिती आणि "माझ्या भाच्याच्या मित्रानं सांगितलं" यांवर विसंबू नका, आणि त्या पुढेही पाठवू नका. दुसऱ्या कुणाच्या तरी आईचा जीव त्यानं टांगणीला लागतो.

या सगळ्याचा एक कागद करा. सुवाच्य अक्षरात, पेननं. फोनमध्ये नंबर असतातच, पण ऐन वेळी हात थरथरतात आणि फोनची बॅटरी संपते. कागदावर वेळेचा हिशेबही लिहा. न्यूयॉर्ककडची घड्याळं त्यांच्या उन्हाळ्यात आपल्या साडेनऊ तास आणि हिवाळ्यात साडेदहा तास मागं असतात. कॅलिफोर्नियाकडची साडेबारा आणि साडेतेरा. कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवा, आणि तो कुठं आहे हे यजमानांना, सासूबाईंना नि धाकट्यालाही ठाऊक असू द्या. दर सहा महिन्यांनी, दिवाळीच्या नि गुढीपाडव्याच्या साफसफाईत, नंबर तपासून घ्या. घर बदललं, सोबती बदलले, तर कागदही बदलायला हवा.

ज्यांची मुलं पुण्या-नागपुरात, संभाजीनगरात वसतिगृहांवर आहेत, त्यांनीही हाच कागद करावा. त्यात रेक्टरांचा नंबर, कॉलेजच्या कार्यालयाचा नंबर, तत्काळ मदतीसाठी ११२ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ हे घाला. आणि कुणी रॅगिंग करत असेल तर विद्यापीठ अनुदान आयोगाचा १८००-१८०-५५२२ हा नंबर आहे. मुलाला तो पाठच करायला सांगा, कारण असं दुखणं मुलं घरी सांगत नाहीत.

शेवटी एकच. हा कागद मुलाला घाबरवत करू नका. एखाद्या रविवारी दुपारी, चहा पिता पिता, त्यालाच लिहायला बसवा. तो हसेल, "आई, तुझं आपलं काहीतरीच!" म्हणेल. हसू दे. हसत हसत का होईना, त्याच्या हातानं लिहिलं गेलं की ते त्याच्याही डोक्यात राहतं. देव करो आणि तो कागद वर्षानुवर्षं कपाटाच्या दाराला नुसताच पिवळा पडत राहो.